एकच फ्रेम

‘पस्तीस,’ देवस्थळी म्हणाले आणि त्यांनी बशीतला चहा आवाज करत ओढला. ‘तुमच्या प्रकृतीला पस्तीसच. पन्नास तुम्हाला आळशी करील आणि अठ्ठावीसला छाती लागते.’

मी वहीत ‘३५’ लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. शेजारच्या टेबलावर मिसळ खाणारा माणूस वळून आमच्याकडे बघायला लागला. देवस्थळी वैद्य आहेत आणि मी पित्ताचा रोगी, असं बहुधा त्याला वाटलं असावं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. साताऱ्यात आमचं ‘रस्ता’ नावाचं मंडळ होतं. नाव ऐकून लोकांना वाटायचं की आम्ही खड्ड्यांविरुद्ध आंदोलन करतो. एका गृहस्थांनी तर तुंबलेल्या गटाराची तक्रार लिहून आणून दिली होती. प्रत्यक्षात आम्ही सात जण रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचो. म्हणजे काढणार होतो. दर रविवारी सकाळी मोती चौकाजवळच्या हॉटेलात जमायचं, कॅमेरे टेबलावर मांडायचे आणि कोणत्या लेन्सने फोटो काढायला हवा यावर दोन तास बोलायचं. तोवर ऊन वर यायचं. ऊन वर आलं की देवस्थळी म्हणायचे, ‘आता लाइट गेला,’ आणि आम्ही घरी जायचो.

देवस्थळी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्याकडे नऊ लेन्स होत्या आणि त्या बुरशी लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात असायच्या. त्यांनी काढलेला नवा फोटो मंडळात कुणीही सहा वर्षांत पाहिलेला नव्हता. पण त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्यांनी कॅमेऱ्यावरच्या कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लावली होती, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाचं लक्ष जाऊ नये. झालं उलटंच. जो तो विचारायचा, ‘फुटलाय काय ओ कॅमेरा?’

मी कॉलेजात वाणिज्य शाखेला अकाउंटन्सी शिकवायचो. वय त्रेचाळीस. जमाखर्चात आयुष्य गेलं, आता कलेत काहीतरी करावं असं मनात होतं. वहीतला गोल काढलेला आकडा त्या दिवशी घरी आमच्या वैजयंतीच्या नजरेला पडला.

‘चष्म्याचा नंबर वाढला का?’

‘लेन्सचा आहे तो.’

‘मग आहे त्या लेन्सला काय झालं?’

आहे ती लेन्स म्हणजे हातभर लांब झूम होती. गच्चीवर बसून तिसऱ्या गल्लीतल्या माणसाच्या शर्टाची गुंडी त्यातून दिसे. देवस्थळी तिला दुर्बीण म्हणायचे. लांबून माणूस टिपणं म्हणजे शिकार, असं त्यांचं मत होतं, आणि शिकारीबद्दल त्यांना तिटकारा होता. मी हे सगळं वैजयंतीला समजावून सांगितलं.

‘जाऊ दे ती, बरंच आहे,’ ती म्हणाली. ‘तुम्ही गच्चीवर गेलात की समोरच्या पाटणेबाई ओले कपडे काढून आत नेतात.’

त्यानंतर आठ महिने मी लेन्स निवडत होतो. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आकडा जितका लहान तितकं फोटोत जास्त मावतं, आणि माणूस मोठा दिसायला हवा असेल तर तितकं त्याच्या जवळ जावं लागतं. बास, एवढंच आहे. आम्ही यावर आठ महिने काढले. चार वेळा पुण्याला गेलो. दुकानदार मला बघितलं की पोऱ्याला चहा सांगायच्या ऐवजी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायला लागला. शेवटी मी अठ्ठावीस घेतली. का, तर देवस्थळी म्हणाले होते की तिला छाती लागते.

‘घेतलीत ना, मग आता ऐका,’ देवस्थळी म्हणाले. ‘अठ्ठावीसचा नियम एकच. हात लांब केला तर माणसाला लागला पाहिजे. त्याहून लांब असाल तर फोटो काढू नका. आणि दाबायचं एकदाच. खरा फोटोग्राफर एकदा दाबतो, बाकीचे मशिनगन चालवतात.’

पहिल्या दीड महिन्यात मी कुत्री, सायकली, वाळत घातलेल्या चादरी आणि माणसांच्या पाठी काढल्या. हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर गेलो की समोरचा माणूस म्हणायचा, ‘काय पायजे?’ आणि मला खरोखरच काय पाहिजे ते सांगता यायचं नाही. एकदा भाजीवालीला भिऊन मी दोन किलो दुधी घेऊन आलो.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मात्र ते घडलं. मंडळात जसं सांगितलं तसंच आधी सांगतो.

सकाळचे साडेदहा वाजले होते. समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्याने मी चाललो होतो. समोरून एक हातगाडी आली. गाडीवर ड्रेसिंग टेबल उभं केलेलं, पुरुषभर उंचीचा आरसा, आणि त्या आरशात अख्खं आभाळ, विजेच्या तारा, एका घराची कौलं. पुढे दांडी धरलेला पन्नाशीचा एक माणूस. आरसा हलला की आभाळ हलत होतं. मी धावलो. इतका जवळ गेलो की त्याच्या घामाचा वास आला. आरसा एकदम कलंडला, तो माणूस त्याला सावरायला वाकला, त्याचे गुडघे मुडपले, डोळे अर्धे मिटले, तोंड उघडं पडलं. मी दाबलं. पुढच्या क्षणी आरसा रस्त्यावर होता.

माणसाचा डावा तळवा कापला होता. मी माझा रुमाल दिला. लोक जमले, कुणीतरी त्याला दवाखान्यात नेलं. मी कॉलेजात जाऊन डेबिट-क्रेडिट शिकवलं आणि सगळा तास मनात तो फोटोच बघत होतो. आनंदाने, हे सांगायला हवं.

रविवारी मी फोटो टेबलावर ठेवला. देवस्थळींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘अठ्ठावीस?’

‘अठ्ठावीस.’

‘किती फ्रेम घेतल्यात?’

सगळे माझ्याकडे बघत होते. ‘एकच,’ मी म्हणालो.

देवस्थळींनी बशी बाजूला सारून माझा हात हातात घेतला. सहा वर्षांत त्यांनी कुणाचा हात हातात घेतला नव्हता.

फोटोला मी ‘तोल’ असं नाव दिलं. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाला पुण्याहून परीक्षक आले होते. त्यांनी फोटोला पहिलं बक्षीस दिलं आणि भाषणात माझ्या संयमाचं कौतुक केलं. समोर इतकं काही घडत असताना हा माणूस फक्त एकदाच बटण दाबतो, याला साधना लागते, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी वीसेक जण मला भेटले आणि प्रत्येकाने एकच विचारलं, ‘लेन्स कोणती?’ फोटोतल्या माणसाच्या हाताचं काय झालं, हे विचारणारं कुणी भेटलं नाही. मीही कुणाला सांगायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका वर्तमानपत्राने फोटो चार कॉलमी छापला आणि खाली लिहिलं, ‘तोल जातो तेव्हा...’

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. चपला बाहेर काढून आत आला. इथे चपला काढायची गरज नाही असं पहारेकऱ्याने सांगितलं तरी त्याने काढल्या. डाव्या हाताला बँडेज होतं, आणि उजव्या हातात घडी केलेला वर्तमानपत्राचा कागद. मी त्याला ओळखलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून देवस्थळींनीही ओळखलं.

‘वा वा! भोईटे, तुमचा सब्जेक्ट आला!’ देवस्थळी ओरडले. ‘या, या, इकडे उभे राहा. फोटोच्या शेजारी. असे. हसू नका. भोईटे, याला पन्नास लावतो मी.’

तो माणूस उभा राहिला. हसण्याचा काही प्रश्नच नव्हता. देवस्थळींनी लेन्स बदलली, मग अंतर मोजलं, मग लाइट नाही म्हणाले आणि कॅमेरा खाली ठेवला.

‘सायेब,’ तो मला म्हणाला, ‘म्या हणमंत मदने. त्या दिशी तुमी हुता न्हवं?’

‘हो. हात कसा आहे?’

‘दोन बोटं मिटंनात. ते असू द्या.’ त्याने कागद उघडला. ‘ह्यो फोटू रमणशेठ दोशींनी पाहिला. टेबल त्यांच्याच दुकानातलं हुतं. शेठ म्हनतो, तू पिऊन हुतास. म्या म्हनलं, म्या सुपारीबी खात न्हाई. तर ह्यो पेपर म्होरं धरतो आन् म्हनतो, बग, सरळ उभा तरी हाईस का? डोळं बग तुजं. आता पेठंत कुनीच भाडं दीना. ज्यो त्यो पेपर दावतो.’

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. अर्धे मिटलेले डोळे, मुडपलेले गुडघे, उघडं तोंड. खरंच, झिंगलेला माणूस तसाच दिसतो. दोन आठवडे मी त्यात वेदना बघत होतो.

‘त्येंच्या पोरांनी टेबल सुतळीनं बांदलं हुतं,’ मदने म्हणाला. ‘म्या म्हनलं, दोर द्या. तर म्हनं, हितंच तर जायाचंय. सुतळी तुटली म्हनून आरसा आला. म्हनून म्हनलं, सायेब, ह्याच्या आदीचा फोटू आसंल काय? सुतळी तुटल्याली दिसंल, म्या नीट उभा हाय ते दिसंल. त्यो शेठला दावतो.’

मी काही बोलायच्या आत देवस्थळी हसले. ‘अहो, तीच तर गंमत आहे! आधीचा नाही, नंतरचा नाही. यांनी एकच घेतला. परीक्षकांनी बक्षीस दिलं ते त्यालाच.’

मदने माझ्याकडे बघत राहिला. मंडळाचे आणखी दोघे-तिघे जवळ आले होते.

‘एकच आहे,’ मी म्हणालो.

‘एकच?’

‘हो. एकच.’

मग त्याने कागदाची पहिल्यासारखी घडी केली, खिशात ठेवली, ‘बरं’ म्हणाला आणि दारात जाऊन चपला घालू लागला. एका हाताने चपलेचा पट्टा लावायला त्याला वेळ लागला. देवस्थळी मला म्हणाले, ‘किती साधी माणसं असतात नाही?’

संध्याकाळी मी ही हकिकत घरी सांगितली. हसत सांगितली, मंडळात शिकलेलं हसू होतं ते. वैजयंती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

‘चार आहेत की,’ ती म्हणाली.

‘काय चार?’

‘फोटो. परवा मी कॉम्प्युटरवर गॅसचा नंबर लावत होते, तेव्हा उघडे होते. त्या माणसाचे चार आहेत.’

आता ते चार फोटो सांगतो.

पहिल्यात मदने ताठ उभा आहे. सुतळीचं तुटलेलं टोक लोंबतं आहे, स्वच्छ दिसतं. एक हात दांडीवर, दुसरा मागे करून त्याने आरसा धरला आहे. दुसऱ्यात त्याने मान वळवली आहे आणि तो सरळ लेन्सकडे, म्हणजे माझ्याकडे बघून काहीतरी बोलतो आहे. तिसऱ्यात आरसा निम्मा कलला आहे, आणि त्याने दांडी सोडून उजवा हात माझ्याकडे लांब केला आहे. चौथा भिंतीवर लागला.

तो काय बोलत होता ते मला कॉम्प्युटरवर बघायची गरज नव्हती. ‘वाईच धरा की, सायेब,’ असं तो म्हणत होता. दोनदा म्हणाला. आरशाची कड माझ्यापासून हातभर अंतरावर होती. देवस्थळींच्या नियमाप्रमाणे मी अगदी बरोबर जागी उभा होतो. हात लांब केला असता तर लागला असता. पण दोन्ही हातांत कॅमेरा होता, आणि आरशात आभाळ इतकं सुंदर कलत चाललं होतं की काय सांगू. मदनेला मी थांब म्हणत होतो. मनातल्या मनात मी त्या आरशाला म्हणत होतो, अजून थोडा, अजून थोडा ये.

पुढच्या रविवारी मी मंडळात ते चारही फोटो टेबलावर ठेवले आणि हे सगळं सांगितलं. मला वाटलं, बक्षीस परत द्यायला लावतील, निदान बशी आपटतील. देवस्थळींनी चारही फोटो नीट बघितले.

‘चार? बरं. पण चारांतून चौथा निवडलात ना? निवड हीसुद्धा कलाच आहे, भोईटे.’ मग पहिल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, ‘हा मात्र पस्तीसने घ्यायला हवा होता. कडेला फार वाकलंय.’

त्या दिवसानंतर मी मंडळात गेलो नाही.

मी दोशींच्या दुकानात गेलो. मी प्राध्यापक म्हणून रमणशेठनी उठून खुर्ची दिली. गल्ल्यामागच्या भिंतीवर वर्तमानपत्रातला तो फोटो फ्रेम करून लावला होता आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘वृत्तपत्रात गाजलेले आमचे ड्रेसिंग टेबल’. मी चारही फोटो त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी एकेक उचलून बघितला. सुतळीजवळ त्यांचं बोट थांबलं.

‘आमचीच सुतळी,’ ते म्हणाले. ‘पोरं ऐकत नाहीत, सर. मदनेवर उगीच आळ आला म्हणायचा.’

‘मग त्याला परत काम द्या. आणि पेठेत सांगा.’

‘सांगतो की. पण आता भाड्याला मी टेम्पो लावलाय, सर. वर्षाचं ठरवून टाकलं.’ त्यांनी तिसरा फोटो परत उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. ‘हा हात कुणाकडं करतोय तो?’

‘माझ्याकडे.’

शेठनी फोटो गोळा करून माझ्या हातात दिले आणि नोकराला म्हणाले, ‘सरांना चहा नको सांगू, त्यांना घाई आहे.’

भिंतीवरची फ्रेम मी त्यांना काढायला लावली, एवढं मात्र केलं. तिथे त्यांनी गुळगुळीत कागदाचं कॅलेंडर लावलं.

मदनेला शोधायला मला तीन आठवडे लागले. हातगाड्यांच्या अड्ड्यावर कळलं की त्याने गाडी विकली. शेवटी गावाबाहेरच्या एका मंगल कार्यालयात तो सापडला. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी, लग्नाला आलेल्यांच्या गाड्या लावून देत होता. मला बघून त्याने एका जीपला हाताने थांबवलं आणि माझ्याकडे आला.

‘सायेब, लग्नाला?’

‘नाही. तुमच्याकडे आलोय.’

मी पाकीट दिलं. त्याने एका हाताने ते उघडलं, फोटो बाहेर काढले आणि उन्हात धरून एकापाठोपाठ एक बघितले. पहिल्यावर जरा जास्त वेळ थांबला.

‘मी त्या दिवशी खोटं बोललो,’ मी म्हणालो. ‘चार होते. दोशींना दाखवलेत मी. ते कबूल झाले.’

‘बरं केलं.’

‘काम मात्र...’

‘टेंपू लावला त्यांनी. म्हाईत हाय.’

मागून जीपवाला हॉर्न वाजवत होता. मला माफी मागायची होती, पण अकाउंटन्सीच्या मास्तरला ते कसं करायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. मी म्हणालो, ‘तुम्हाला कळायला काही मार्ग नव्हता, म्हणून मी...’

‘कळलं हुतं की,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘चार हायेत ते. तुमी कानापाशीच हुता, सायेब. खाट, खाट, खाट, खाट. चार येळा वाजलं.’

प्रदर्शनात मी दोनदा ‘एकच’ म्हणालो होतो आणि तो माझ्याकडे बघत उभा राहिला होता, तो प्रसंग जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला.

‘मग तिथंच का नाही बोललात?’

त्याने फोटो पाकिटात घातले आणि पाकीट शर्टाच्या आत ठेवलं.

‘तुमची मानसं हुती समदी भवतीनं. बक्षीस लागलेलं. चारचौगांत तुमास्नी कशाला खोटं पाडायचं?’ एवढं बोलून त्याने शिट्टी तोंडात धरली आणि तो जीपकडे गेला.